चीनमधल्या गाड्या काय खातात?

मी बरीच वर्षं चीनमध्ये राहून आले आहे हे कळलं, की मुलं माझ्याभोवती कोंडाळं करतात. पहिला प्रश्न ठरलेला. "मावशी, ते लोक खरंच साप खातात का गं?" मग विंचू, मग झुरळं, मग आणखी काय काय. मी सांगते, की माझे शेजारी बहुतेक वेळा भात, नूडल्स, कोबी आणि टोफू खायचे. झालं, सगळ्यांचे चेहरे पडतात!

पण तिथल्या गाड्या काय खातात, हे मात्र आजवर एकाही मुलानं मला विचारलेलं नाही. खरं तर तेच विचारायला हवं, कारण त्याचं उत्तर सापा-विंचवांपेक्षा कितीतरी भारी आहे. कुठलीही गाडी उपाशीपोटी चालत नाही. तिच्या पोटात काहीतरी जावंच लागतं. मग ते पेट्रोल असेल, वीज असेल, नाहीतर आणखी काही. आणि चीनच्या शहरांमध्ये मी पाहिलेल्या, ऐकलेल्या गाड्यांचा आहार इतका चमत्कारिक होता, की त्यावर आज गप्पा मारायच्याच असं मी ठरवलं आहे.

सुरुवात सायकलीपासून करू. १९९०च्या दशकात मी बीजिंगला राहायला गेले, तेव्हा ते सायकलींचंच शहर होतं. चीनमध्ये त्या काळी ६० कोटींहून जास्त सायकली होत्या! सकाळी घराबाहेर पडलं, की सायकलींचा लोंढा वाहत असायचा. कोट घातलेले साहेब, मागच्या कॅरिअरवर नातवाला बसवून निघालेल्या आज्या, हँडलला दोन जिवंत कोंबड्या उलट्या टांगून घरी चाललेले काका, सगळे एकाच संथ वेगानं निघालेले. सायकलींसाठी रस्त्याच्या कडेला वेगळी पट्टी होती आणि ती चांगली मोटारीएवढी रुंद होती.

हा लोंढा ओलांडायचा कसा? माझ्या शेजारणीनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं. पाऊल टाकलं, की एकाच वेगानं चालत राहायचं. मध्येच थांबायचं नाही आणि घाबरून पळायचं तर मुळीच नाही. कारण समोरून येणारा प्रत्येक सायकलवाला मनातल्या मनात गणित करत असतो, की ही बाई आणखी दोन सेकंदांनी कुठे असेल. त्या हिशोबानं तो तुमच्या पुढून किंवा मागून जातो. तुम्ही अचानक थांबलात, की पन्नास जणांचं गणित एकदम चुकतं.

आता सांगा, सायकल काय खाते? सोपं आहे, तिच्यावर बसणारा जे खातो ते. बीजिंगमध्ये सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर मोठ्या कढया चढलेल्या असायच्या. त्यात 'योत्याओ' नावाच्या पिठाच्या लांबलचक कांड्या तळल्या जायच्या. कांडी तेलात पडताना बोटभर असते आणि बघता बघता फुगून कोपरापर्यंत होते. ती गरम सोयाबीनच्या दुधात बुडवून खायची आणि सायकलवर टांग मारायची. बस्स, झालं इंधन भरून!

आपल्याला योत्याओची सवय नाही, म्हणून हिशोब पोळीत करू. मध्यम आकाराच्या एका पोळीतून साधारण १०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. सपाट रस्त्यावर रमतगमत सायकल चालवली, तर किलोमीटरला साधारण २५ किलोकॅलरी खर्च होतात. म्हणजे एका पोळीत चार किलोमीटर. हे माप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बीजिंगमध्ये दिसणाऱ्या सायकली ओळखीच्याच वाटायच्या. काळ्या, उंच, २८ इंची चाकांच्या, दांडीच्या ब्रेकच्या. आपल्याकडे दूधवाले, पोस्टमन वर्षानुवर्षं चालवत आले तसल्याच. दोन्हींचा मूळ नमुना जुन्या इंग्लिश सायकलींचा, त्यामुळे त्या एकमेकींच्या चुलत बहिणीच म्हणायच्या. चीनमधलं सगळ्यात नावाजलेलं नाव म्हणजे 'फ्लाइंग पिजन', उडतं कबूतर. ही सायकल १९५० साली त्यानजिन शहरात बनू लागली. एके काळी लग्न ठरलं, की घरात शिलाई मशीन, मनगटी घड्याळ, रेडिओ आणि सायकल या चार वस्तू हव्याच, असा तिथे रिवाज होता. अमेरिकेचे थोरले बुश हे १९७०च्या दशकात त्यांच्या देशाचे प्रतिनिधी म्हणून बीजिंगला राहत होते, तेव्हा ते आणि त्यांची बायको सायकलवरून शहरभर फिरायचे. पुढे ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले आणि १९८९ मध्ये पुन्हा बीजिंगला आले. तेव्हा चीनच्या पंतप्रधानांनी त्यांना भेट काय दिली असेल? दोन फ्लाइंग पिजन!

सायकल लावायला जागोजागी वाहनतळ होते आणि तिथे दंडाला लाल पट्टी बांधलेली एक आजी बसलेली असायची. ती बांबूच्या दोन चपट्या पट्ट्या काढायची. दोन्हींवर एकच नंबर असायचा. एक पट्टी ती तुमच्या हँडलला अडकवणार आणि दुसरी तुमच्या हातात देणार. संध्याकाळी शेकडो काळ्या सायकलींमधून आपली सायकल शोधायला त्या पट्टीशिवाय दुसरा इलाज नव्हता. त्या पट्ट्या हाताळून हाताळून इतक्या गुळगुळीत झालेल्या असत, की नंबर डोळ्यांपेक्षा बोटांनी वाचणं सोपं जायचं.

सायकलीची थोरली बहीण म्हणजे सामानाची तीनचाकी. पुढे एक चाक, मागे दोन आणि त्या दोघांवर लाकडी फळ्यांचा पाट. या पाटावर मी काय काय पाहिलं आहे! फ्रिज, सोफा, सोफ्यावर आरामात बसलेली सोफ्याची मालकीण, आणि नोव्हेंबर आला की कोबीचे डोंगर. बीजिंगचा हिवाळा कडक, म्हणून माणसं थंडीआधीच घरात लांबट पानांचा कोबी भरून ठेवायची. एक गंमत सांगते. ज्याला सायकल झकास येते, त्याला तीनचाकी मात्र पहिल्यांदा अजिबात येत नाही. सायकल वळवताना आपण नकळत अंग कलतं करतो आणि तोलावर वळतो. तीनचाकी कलतच नाही. तिला फक्त हँडलनं वळवायचं असतं. सायकलवाला सवयीनं कलायला जातो आणि गाडी भलतीकडेच, बहुधा भिंतीकडे, निघते. ज्याला सायकल येतच नाही, तो मात्र पाच मिनिटांत शिकतो. कुणाकडे तीनचाकी असेल तर करून बघा, पण मोकळ्या मैदानात.

टॅक्सी म्हणाल, तर तेव्हा बीजिंगमध्ये पिवळ्या धमक, ठोकळ्यासारख्या छोट्या व्हॅन धावायच्या. दहा युआन दिले की पहिले दहा किलोमीटर. दरवाजा नीट लागायचा नाही, हिवाळ्यात आत बाहेरच्याइतकीच थंडी असायची, पण सामान कितीही मावायचं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस शहरानं त्या मोडीत काढल्या. त्या पेट्रोल खायच्या आणि धूर सोडायच्या. त्यात नवल काही नाही, म्हणून पुढे जाऊ.

खरं नवल मी स्वतः पाहिलेलं नाही, ते मला शेजारच्या आजोबांनी सांगितलं. आमच्या घराजवळ हुतोंग होत्या, म्हणजे बीजिंगच्या जुन्या अरुंद गल्ल्या. तिथे हे आजोबा दाराशी स्टूल टाकून बसायचे. एकदा रस्त्यातून बस गेली, तर म्हणाले, "आमच्या तरुणपणी बसच्या टपावर पिशवी असायची."

"सामानाची?" मी विचारलं.

"छे, जेवणाची!"

मग त्यांनी हात पसरून दाखवलं. बसच्या टपाएवढी लांब-रुंद रबरी पिशवी, फुगून टम्म झालेली. लांबून बघितलं तर बसनं गादी डोक्यावर घेतल्यासारखं वाटायचं. त्या पिशवीत गॅस असायचा आणि बस तो गॅस खात खात चालायची. १९५०च्या दशकाच्या शेवटी चीनकडे स्वतःचं खनिज तेल फारच थोडं होतं, पेट्रोल बाहेरून आणावं लागे आणि ते मिळणंही अवघड झालं होतं. कोळसा मात्र भरपूर. कोळसा हवा न लागू देता तापवला की त्यातून जळणारा वायू निघतो. तो पिशवीत भरायचा आणि नळीनं इंजिनाकडे न्यायचा.

पण पिशवी एवढी मोठी कशाला? इथे आपलं पोळीचं माप कामाला येईल. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण साडेसात हजार किलोकॅलरी ऊर्जा असते. म्हणजे किती पोळ्या? पंचाहत्तर! एका पाण्याच्या बाटलीत पंचाहत्तर पोळ्यांचं बळ कोंबलेलं आहे, म्हणूनच तर सगळं जग पेट्रोलच्या मागे लागलं. तेवढीच ऊर्जा कोळशाच्या गॅसमधून हवी असेल, तर साधारण दोन हजार लिटर गॅस लागतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असे दोन खोके भरून. तेही फक्त एका लिटर पेट्रोलच्या बदल्यात! आता कळलं, टपावर एवढं मोठं बोचकं का होतं ते? आणि ते भरूनही बस फार लांब जात नसे.

तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, "पण मावशी, आमच्याकडच्या रिक्षासुद्धा गॅसवर चालतात, त्यांच्या टपावर कुठे पिशवी असते?" बरोबर. पुण्या-मुंबईच्या रिक्षांमध्ये सीएनजी असतो आणि तो पोलादी टाकीत हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट दाबानं कोंबलेला असतो. खोलीभर गॅस एका टाकीत मावतो तो त्यामुळे. सीएनजी पंपावर टाकी भरताना रिक्षातल्या माणसांना खाली का उतरवतात, तेही आता ओळखा. बीजिंगच्या त्या बसला असा दाब द्यायची सोय नव्हती, म्हणून गॅस आपला मोकळाढाकळा पिशवीतच.

या पिशवीचा एक फायदा मात्र होता. गॅस संपत आला की पिशवी बसायची, टपाच्या कडांवरून लोंबायला लागायची. गाडीत इंधन किती उरलंय हे ड्रायव्हरच्या आधी थांब्यावरच्या माणसांना दिसायचं! पिशवी भरलेली बस आली तर चढायचं आणि लोळागोळा झालेली आली तर दुसरीची वाट बघायची, असं आजोबा हसत हसत सांगायचे.

या पिशवीची गोष्ट चिनी मुलांना शाळेतही ऐकायला मिळते. १९५९ साली वांग जिन्शी नावाचा एक तेलविहिरी खोदणारा कामगार पहिल्यांदाच बीजिंगला आला. टपावर बोचकं घेतलेली बस पाहून त्यानं विचारलं, हे काय? देशात पेट्रोल नाही म्हणून गॅसची पिशवी, असं कळल्यावर त्या तेल काढणाऱ्या माणसाला फार लाज वाटली. त्याच वर्षी चीनच्या ईशान्य टोकाला दाछिंग इथे तेलाचा मोठा साठा सापडला होता. पुढच्या वर्षी वांग आपली टोळी घेऊन तिथे पोचला. एकदा विहिरीतून गॅस उसळून बाहेर यायला लागला. तो दाबायला सिमेंट कालवून आत ओतायचं होतं, आणि कालवायचं यंत्रच नव्हतं. तेव्हा हा गडी सरळ त्या लगद्याच्या हौदात उतरला आणि हातापायांनी लगदा ढवळत राहिला. लोक त्याला 'पोलादी माणूस' म्हणू लागले. १९६३च्या अखेरीस चीननं जाहीर केलं, की आता आपल्या गरजेपुरतं तेल आपल्याकडे आहे. मग बीजिंगच्या टपांवरच्या पिशव्याही हळूहळू गेल्या. दक्षिणेकडच्या सिचुआन भागात मात्र जमिनीतून निघणारा नैसर्गिक वायू मुबलक, त्यामुळे तिकडच्या शहरांत पिशवीवाल्या बस त्यानंतरही कित्येक वर्षं धावत होत्या.

आजोबांच्या गल्लीच्या तोंडाशी जी बस थांबायची, ती आणखी वेगळंच खायची. तिच्या टपावरून दोन लांब दांडे मागे तिरपे वर गेलेले आणि त्यांची टोकं रस्त्यावरच्या तारांना टेकलेली. ही ट्रॉलीबस. ती वीज खाते आणि तीही चालता चालता. बीजिंगमध्ये अशा बस १९५७ पासून आहेत. शांघायमध्ये तर १९१४ पासून, आणि आजही चालू आहेत. जगातली सगळ्यात जुनी चालू ट्रॉलीबस शांघायचीच. तिथली माणसं या दांड्यांना 'वेण्या' म्हणतात. वळणावर ड्रायव्हरनं जरा घाई केली की एखादी वेणी तारेवरून निसटते आणि बस जागच्या जागी गप्प. मग ड्रायव्हर हातमोजे चढवून खाली उतरतो, मागची दोरी धरून दांडा खाली ओढतो आणि मान वर करून नेम धरत पुन्हा तारेला लावतो. मागे हॉर्नची बोंबाबोंब! ट्रॉलीबसला बाजूला घेणार कशी? तिचं जेवण तर तारेला टांगलेलं.

आता एक कोडं. आपल्या लोकल गाडीच्या डोक्यावर एकच तार असते, मग या बसला दोन का? उत्तर वाचायच्या आधी जरा डोकं खाजवा.

विजेला नेहमी परत जायचा रस्ता लागतो. एका वाटेनं आली की दुसऱ्या वाटेनं तिला परतावं लागतं, नाहीतर ती येतच नाही. लोकलमध्ये वीज वरच्या तारेतून येते आणि लोखंडी चाकांतून रुळांत उतरून परत जाते. बसची चाकं रबरी आणि रस्ता डांबराचा. तिथून वीज कशी जाणार? म्हणून परतीच्या प्रवासाला दुसरी तार. आपल्या मुंबईतही बेस्टच्या ट्रॉलीबस होत्या बरं का, १९६२ ते १९७१ या काळात, गोवालिया टँक ते माझगाव गोदी अशा. घरातल्या एखाद्या पणजोबांना आठवत असतील.

बीजिंगमध्ये तियानआनमेन चौकासमोरून छांग-आन नावाचा फार रुंद रस्ता जातो. त्या भव्य रस्त्यावर तारांचं जाळं दिसायला नको, असं शहरानं ठरवलं. मग ट्रॉलीबसनं तो ओलांडायचा कसा? बस तिथवर येते, दोन्ही वेण्या खाली घेते, पोटातल्या बॅटरीवर पलीकडे जाते आणि पुढे पुन्हा वेण्या तारांना लावते. म्हणजे हिनं डबासुद्धा बरोबर ठेवलेला असतो.

मध्ये काही वर्षं मी चीनमध्ये नव्हते. परत गेले ती शांघायला. पहिल्याच सकाळी रस्त्यावर उभी राहिले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. गर्दी तर होती, दुचाक्या तर शेकड्यांनी होत्या, मग? आवाजच नव्हता! अंगाजवळून सूंऽऽ करून स्कूटर जायची आणि ती गेल्यावर कळायचं की आली होती. सगळ्या विजेवरच्या.

पेट्रोलवरची मोटारसायकल भडभड का करते ठाऊक आहे? तिच्या इंजिनात पेट्रोलचे बारके बारके स्फोट होत असतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एक असे मिनिटाला १,५०० स्फोट. म्हणजे सेकंदाला पंचवीस! विजेच्या मोटरीत स्फोट नाहीच. बहुतेक स्कूटरची मोटर मागच्या चाकाच्या मधोमध बसवलेली असते. तारांच्या गुंडाळ्या आणि लोहचुंबक एकमेकांना ढकलतात आणि चाक फिरतं. ऐकू येतो तो फक्त टायरचा आवाज.

या गाड्या एवढ्या वाढल्या त्याचं एक कारण मजेशीर आहे. धूर, अपघात आणि चोऱ्या यांना वैतागून चीनच्या बऱ्याच शहरांनी पेट्रोलच्या मोटारसायकलींवर बंदी किंवा कडक बंधनं घातली. ग्वांगझोऊ शहरात २००७ पासून त्या बंदच झाल्या. विजेच्या दुचाकीला मात्र कायद्यात सायकल मानलं जाई. लायसन्स नको, पेट्रोल नको! मग काय, लोक तिकडे वळले. आज चीनमध्ये अशा दुचाक्या ३५ कोटींहून जास्त आहेत. त्या फार दांडगट झाल्या, तेव्हा २०१९ मध्ये सरकारनं नवा नियम आणला. वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर नको, वजन ५५ किलोच्या वर नको आणि पेडल हवंच, असं त्या वेळच्या नियमात होतं.

त्यांचा आहारही मोजू. सर्रास दिसणाऱ्या साध्या गाडीत शिशाच्या चार बॅटऱ्या असतात, चारही मिळून सोळा-सतरा किलोच्या. त्या पूर्ण भरल्या की त्यांत साधारण ५०० किलोकॅलरी ऊर्जा मावते. म्हणजे अवघ्या पाच पोळ्या! पेट्रोलमध्ये मोजलं तर चार-पाच मोठे चमचे. सोळा किलोचा डबा आणि आत पाचच पोळ्या? हो, बॅटरीचं रडगाणं ते हेच. पण या पाच पोळ्यांत ती स्कूटर ४० किलोमीटर जाते. पोळीला आठ किलोमीटर. सायकलवर तुम्ही पोळीला चारच किलोमीटर गेला होता, आठवतं? आपलं शरीर खाल्लेल्या ऊर्जेतला जेमतेम पाव भाग पेडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होते. म्हणून तर सायकल चालवताना घाम येतो. विजेची मोटर त्या मानानं फारच कमी वाया घालवते.

शांघायच्या या स्कूटरी हिवाळ्यात स्वेटर घालतात. खोटं नाही! हँडलपासून खाली लोंबणारी जाड, शिवलेली रजई मिळते. तिला वर दोन्ही मुठींपाशी हात घालायला खिसे असतात. हात खिशांत, गुडघे रजईखाली, की वारा लागायचं नाव नाही. पावसाळ्यात त्याहून भारी. आख्ख्या गाडीवर पसरेल असा रेनकोट, त्याला पुढे दिव्यासमोर पारदर्शक प्लास्टिकची खिडकी. दोन डोक्यांचा रेनकोटही मिळतो. पुढच्या टोपीतून आईचं डोकं, मागच्या टोपीतून लेकराचं. मूल फारच लहान असेल तर डोकंही दिसत नाही, नुसते दोन चिमुकले गमबूट खाली हलत असतात. आणि मध्यंतरी एक खूळ आलं होतं, हँडलवर रबरी पिवळं बदक चिकटवायचं. बदकाच्या डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवर गरगर फिरणारा पंखा. बॅंकेत जाणारे गंभीर चेहऱ्याचे काकाही बदक लावून फिरायचे.

या गाड्यांना जेवायला घालणं मात्र कटकटीचं. माणसं बॅटरी उचलून घरी न्यायची, नाहीतर सहाव्या मजल्याच्या खिडकीतून लांबलचक वायर खाली सोडून चार्ज करायची. हे धोक्याचं असतं. चार्ज होताना बॅटरीनं पेट घेतला आणि गाडी जिन्यात असली, तर पळायचा रस्ताच बंद. त्यामुळे बऱ्याच इमारतींनी लिफ्टमध्ये कॅमेरा बसवला. तो दुचाकी ओळखतो. कुणी गाडी आत ढकलली, की लिफ्ट बोलते, "कृपया दुचाकी बाहेर न्या," आणि दारच लावत नाही. वाद घालणार कुणाशी?

शांघायमध्ये असतानाच, २०१६-१७ मध्ये, सायकली परत आल्या. या भाड्याच्या. रस्त्यात कुठेही उभी असलेली नारिंगी किंवा पिवळी सायकल मोबाईलनं उघडायची आणि हवी तिथे सोडून द्यायची. नारिंगी सायकलीच्या कुलपाला उपग्रहाकडून जागा कळायची, म्हणजे कुलपालाही वीज हवी. ती काही पेडलमधून यायची, तर काही सायकलींच्या टोपलीत सौरपट्टी बसवलेली असे. बिचारी ऊन खायची! पण कंपन्यांनी एकमेकींच्या चढाओढीत इतक्या सायकली ओतल्या, की फूटपाथ दिसेनात. मग लाखो सायकली उचलून मैदानांत ढीग घातले गेले. मला तो प्रकार मूर्खपणाचा वाटला आणि अजूनही वाटतो. चांगली वस्तूसुद्धा अशी उधळायची नसते.

चीनमधल्या एका शहरात मात्र सायकल शोधून सापडत नाही. ते म्हणजे छोंगछिंग. नद्यांच्या संगमावर, उभ्या डोंगरांवर वसलेलं. तिथे एका इमारतीत रस्त्यावरून शिरलात आणि लिफ्टनं २२व्या मजल्यावर गेलात, की बाहेर गच्ची नसते, दुसरा रस्ता असतो! अशा गावात सायकल घेऊन काय करणार, खांद्यावर वाहणार? सामान वाहायला तिथे बांबूवाले हमाल असत. खांद्यावर बांबू, दोन्ही टोकांना ओझं आणि पायऱ्याच पायऱ्या.

या शहरातली एक गाडी बघायला जगभरातून लोक येतात. लीत्झबा नावाच्या स्टेशनात मोनोरेल चक्क १९ मजली इमारतीच्या पोटात शिरते. सहाव्या ते आठव्या मजल्यावर स्टेशन आणि वर माणसांची घरं. आधी घरं होती आणि मग भोक पाडलं, असं नाही हं. दोन्ही एकाच वेळी बांधलं. स्टेशनचे खांब वेगळे, इमारतीचे वेगळे, म्हणजे गाडीचे हादरे घरांना पोचत नाहीत. गाडीला रबरी चाकं, ती तुळईला चिकटून धावतात. त्यामुळे चढावर घसरत नाही आणि खडखडाटही कमी. २०१४ साली मुंबईत सुरू झालेली मोनोरेलही अशीच तुळईवर बसून धावणारी. लीत्झबाला खाली रस्त्यावर लोकांची रांग असते आणि सगळे वर बघून आ वासून उभे असतात. कशाला? तोंड बरोबर धरलं, की फोटोत आपण गाडी खातोय असं दिसतं! सगळ्या चीनमध्ये गाडी खाणारी माणसं मी तेवढी एकाच ठिकाणी पाहिली.

आता शेवटचं शहर, शेन्झेन. २०१७ संपता संपता तिथल्या सगळ्याच्या सगळ्या, १६ हजारांहून जास्त बस विजेवरच्या झाल्या. एवढ्या मोठ्या शहरात असं जगात पहिल्यांदाच घडलं. रात्री डेपोत रांगेनं उभ्या राहून त्या चार्ज होतात. धूर नाही, भडभड नाही, थांब्यावर उभं राहिलं तर तोंडावर गरम वाफारा नाही. मला त्या मनापासून आवडल्या.

पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. त्या बसच्या पोटातली वीज कुठून आली? चीनमध्ये वारा आणि ऊन यांच्यापासून भरपूर वीज तयार व्हायला लागली आहे, तरी अर्ध्याहून जास्त वीज अजून कोळसा जाळूनच होते. म्हणजे आजोबांच्या तरुणपणीची बस कोळशाचा गॅस टपावर घेऊन फिरायची आणि आजची चकचकीत बस दूरवरच्या वीजकेंद्रात जळलेला कोळसा तारेतून खाते. शहराची हवा स्वच्छ राहते हे खरंच मोठं काम आहे. धूर मात्र पुरता संपला नाही, त्यातला बराचसा गावाबाहेर गेला. वारा-ऊन वाढेल तसा तो कमी होईल. बस तीच राहील, तिचं जेवण बदलेल. पेट्रोलच्या गाडीला हे कधीच जमणार नाही.

आता तुमचं काम. रविवारी घरातल्या कुणा मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि अर्धा तास तुमच्या रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभे राहा. किती गाड्या गेल्या आणि कोण काय खातं, याची यादी करा. पेट्रोलवाल्या, डिझेलवाल्या, सीएनजीवाल्या, विजेवाल्या, पोळी खाणाऱ्या. ई-रिक्षा थांबलेली दिसली तर काकांना विचारा, बॅटरी शिशाची आहे की लिथियमची आणि एकदा चार्ज केली की किती किलोमीटर जाते. पुण्यात पीएमपीच्या काही बस आणि एसटीच्या 'शिवाई' गाड्या विजेवर चालतात, त्यांच्या ड्रायव्हरकाकांनाही विचारता येईल, फक्त गाडी उभी असताना. बैलगाडी दिसली तर कडबाही यादीत हवा. यादी तयार झाली की मासिकाच्या पत्त्यावर पाठवून द्या. मी वाट बघते आहे.